तारामतीच्या माश्यांचा डिंक

एकदा तारामतीच्या मधमाश्यांच्या पेटीत पाल शिरली आणि डंखांनी आतच मेली. एवढं धूड बाहेर ओढून टाकणं माश्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. मग त्यांनी तिला डिंकानं लिंपून काढलं, शेपटीच्या टोकापर्यंत. बऱ्याच दिवसांनी तारामतीनं पेटी उघडली, तर पाल जशीच्या तशी पडलेली. तिला वास नव्हता की कीड लागलेली नव्हती. तारामती किती तरी वेळ उकिडवी बसून पाहतच राहिली, आणि शेवटी भावाला, रामलिंगला, हाक मारून म्हणाली, "ये, बघून जा. वैरी मेला तर त्याला बी असं झाकून ठिवलंय. आपल्यात होतंय का हे?"

रामलिंगनं पाहिलं, हूं म्हटलं आणि तो पाण्याच्या मोटारीकडे निघून गेला. त्याला पालीत काही विशेष दिसलं नाही. असतात अशीही माणसं.

अहमदपूरहून नांदेडकडे निघालं की थोड्या अंतरावर डाव्या हाताला रामलिंगचं शेत लागतं. शेताच्या टोकाला चिंच आहे आणि चिंचेखाली तारामतीच्या पेट्या. ती माहेरीच असते. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिच्या ओठाच्या कडेला पांढरा ठिपका उठला, तो गालावर सरकला, मग दोन्ही हातांवर उतरला, आणि सासरच्यांनी तिला हवापालटासाठी म्हणून इथं आणून सोडलं. तो हवापालट अजून चालूच आहे. कोड हा चिकटणारा रोग नाही, असं सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. गावानं ते वाचलंही आहे. तरी तिच्या हातचा चहा पुढं आला की चांगली शिकलेली माणसं म्हणतात, आत्ताच घेऊन निघालो.

माश्यांशी तिची गाठ पडली ती एका प्रशिक्षणात. गावातून बायकांची नावं मागवली होती. डंखाच्या भीतीनं कुणी नाव देईना, तेव्हा ग्रामसेवकानं हिचं नाव टाकून दिलं. विचारायची गरज त्याला वाटली नाही. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्यानं माश्यांनी गच्च भरलेली चौकट तिच्या उघड्या हातात दिली. माश्या मनगटावर चढल्या, सावळ्या कातडीवरून पांढऱ्या कातडीवर गेल्या, परत आल्या. त्यांना दोन्हींत काही फरक वाटला नाही. तारामतीच्या डोळ्यांना धार लागली. शिकवणाऱ्याला वाटलं डंख बसला, आणि तो बिचारा चिमटा शोधत धावला.

तेव्हापासून ती माश्यांची झाली. उन्हाळ्यात पेटीच्या दारात रांग लावून पंखांनी वारा घालणाऱ्या माश्या, फुलं कुठं आहेत ते नाचून सांगणारी माशी, हे सगळं ती रोज पाहायची आणि रोज तिचा आ वासायचा. पण तिचा जीव सगळ्यात जास्त जडला तो डिंकावर. पेटीला फट पडली, झाकण हललं, की माश्या झाडाच्या कोंबावरचा चीक खरवडून मागच्या पायांना लावून आणतात, त्यात मेण कालवतात आणि फट बुजवून टाकतात. बाकीचे पेटीवाले हा डिंक पट्टीनं खरवडून फेकून देतात, कारण त्यानं झाकणं चिकटून बसतात. तारामती फेकत नसे. मेण आणि करडईचं तेल मंद आचेवर ठेवून त्यात हा डिंक विरघळवायची आणि ते मलम हाताला, गालाला लावायची.

त्याचं कारण होतं. कोडाच्या पांढऱ्या कातडीला उन्हाशी झगडायला रंगच उरलेला नसतो. आपल्याकडचं चैत्र-वैशाखाचं ऊन तासाभरात तिला लाल करतं, रात्री आग होते, दुसऱ्या दिवशी पापुद्रे निघतात. मलम लावलं की आग कमी होते असं तारामतीला वाटायचं. शिवाय मलमाचा रंग तांबूस. लांबून पाहणाऱ्याला डाग दिसत नसत. यातलं कोणतं कारण मोठं होतं, ते तिनं कधी स्वतःलाही विचारलं नाही.

रामलिंगची मुलगी उज्वला नांदेडला औषधनिर्माणशास्त्र शिकते. संक्रांतीला घरी आली ती आत्याच्या डिंकाचे खडे डबीत भरून घेऊन गेली. कॉलेजात म्हणे माश्यांच्या डिंकाला प्रोपोलिस म्हणतात आणि तो उन्हाच्या मलमात वापरता येईल का, यावर जगभर काम चाललंय. परत आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. ती म्हणाली, "आत्या, तुला एक दाखवायचंय. पण नोटा तपासायचा दिवा पाहिजे."

तो दिवा होता चन्नबसप्पांच्या दुकानात. अहमदपूरच्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ, त्यांचं किराणा दुकान आहे. त्यांची बायको गौरम्मा तारामतीकडून मध घेते, आणि तारामती आली की तिला आत नेऊन चहा पाजते, स्वतःही तिच्यासमोर बसून पिते. त्यांची मुलगी दामिनी पाचवीला. तिच्याही कपाळावर आणि डाव्या डोळ्याभोवती पांढरे डाग. डॉक्टरांनी तिला उन्हापासून जपायला मलमाची ट्यूब लिहून दिली होती, पण ती लावली की तोंड पिठात बुडवल्यासारखं दिसतं म्हणून पोरीनं ती कपाटामागे टाकून दिली. शाळेत प्रार्थनेला ती व्हरांड्यात थांबते, खेळाच्या तासाला वर्गात. उन्हाचं निमित्त असतंच.

उज्वलानं दुकानाचं शटर अर्धं ओढून अंधार केला. दिव्याच्या जांभळ्या उजेडात तिनं पावतीबुकातला कोरा कागद धरला. कागद निळा पेटला. डोळ्यांना न दिसणारा उन्हातला एक किरण या दिव्यात असतो, तो लागला की कागद असा उजळतो, असं तिनं सांगितलं. मग तिनं काचेच्या पट्टीवर नुसतं तेल फासून मध्ये धरलं. कागद उजळलेलाच राहिला. दुसऱ्या पट्टीवर तिनं आत्याचं मलम फासलं.

कागदावर काळोखाचा एक चौकोन पडला.

तारामतीनं ती काच स्वतःच्या हातात घेतली, बाजूला केली, परत धरली. उजेड आला, गेला. बोटानं फासलेल्या थराआड ऊन अडत होतं, आणि तो थर तिच्या माश्यांनी पायाला लावून आणला होता.

"हे येतं कुठून गं?" तिनं हळूच विचारलं.

"झाडांकडून," उज्वला म्हणाली. "कोवळा कोंब उन्हानं करपू नये, त्याला कीड लागू नये, म्हणून झाड त्याच्यावर हा चीक धरतं, असं मानतात. माशी तोच घेऊन येते."

तारामतीला गलबलून आलं. झाडानं आपल्या कोवळ्या पानासाठी केलेलं पांघरूण माशीनं उचलायचं, आपल्या घराला लावायचं, आणि त्यातलं उरलंसुरलं कुणा टाकलेल्या बाईच्या गालाला यावं. देवळात गेल्यावर वाटत नाही इतकं तिला त्या किराणा दुकानात, तेलाच्या डब्यांमध्ये उभं राहून, हात जोडावेसे वाटले.

"मला द्या ना हे," दामिनी म्हणाली.

उज्वलानं मान हलवली. "एवढ्यात नाही. हा दिवा एकाच जातीचा किरण दाखवतो, कातडी भाजणारे आणखी असतात. मॅडम म्हणतात, ही पहिली पायरी. कुणाकुणाला डिंकाची खाजही सुटते. कागदाला खाज सुटत नाही, पण तुला सुटेल."

पोरगी हिरमुसली. तारामतीला मात्र उज्वलाच्या बोलण्यातला काळोखाचा चौकोन तेवढा लक्षात राहिला. आवडीचं माणूस बोलत असलं की आपण सोयीचं तेवढंच ऐकतो, यात तारामती काही वेगळी नव्हती.

एप्रिल आला. ओढा आटला, झाडांचे कोंब सुकले, पेट्यांची लाकडं उन्हानं तडकली. तरी माश्यांनी सगळ्या फटी बुजवल्या, आणि या खेपेचा डिंक काळाभोर, चकचकीत होता. तारामतीनं तो खरवडला. त्याला धुरकट वास होता, पण पेटीला धूर दिल्याशिवाय उघडताच येत नाही, तेव्हा तो त्याचाच असणार. तेलात तो लोण्यासारखा मिसळला. मलम असं गुळगुळीत पूर्वी कधी झालं नव्हतं. तिनं ते चन्नबसप्पांच्या दिव्यापुढं धरलं, तर काळोख असा पडला की काचेची कडाही दिसेना.

गौरम्मानं तिचे दोन्ही हात धरले. "तारामती, एक मेला शाळेत झेंडावंदन हाय. दामिनीला चित्रकलेचं बक्षीस लागलंय. पोरगी म्हणून राहिली, मी मैदानात उभी ऱ्हाते, व्हरांड्यात न्हाई. देऊन टाक माय."

"उज्वलाला इचारते."

"तिचे पेपर हायेत. कशाला तिला तरास? म्या आधी कोपरावर लावून बघते."

तारामतीनं डबी दिली. देताना तिला फार बरं वाटत होतं, हे सांगायला हवं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातचं काही कुणी मागून घेत होतं, आणि तेही लेकराच्या तोंडाला लावायला.

तीस एप्रिलच्या दुपारी ती पेट्यांना पाणी ठेवून सडकेकडे निघाली. तिथं रस्ता रुंद करण्याचं काम चालू होतं. कामगार झाडाखाली जेवत होते. कडेला डांबराचं पिंप कलंडलेलं होतं आणि त्यातून गळालेलं डांबर उन्हानं मऊ होऊन चमकत होतं. त्यावर माश्या होत्या. एक, दोन, मग दिसू लागल्या तशा खूप. तारामती खाली वाकली. एक माशी डांबराला जबडा लावून मागे मागे रेटत होती. बारीक धागा ताणला गेला, तुटला. माशीनं तो पुढच्या पायांनी वळला, मधल्या पायांकडे दिला, मागच्या पायावर थापला. पायावर काळी गोळी चकाकली. मग ती उडाली आणि सरळ चिंचेकडे गेली.

आधी तिला नवलच वाटलं. झाडं सुकली तर सुकली, यांनी सडकेतून चीक शोधला. घरट्यातली फट बुजायला हवी होती, आणि चिकटेल ते त्यांना चालणार होतं. एवढ्याशा जिवाची ही हिकमत पाहून ती स्वतःशी हसली.

मग तिचं हसू गेलं.

कोणताही शहाणा माणूस त्याच पावली अहमदपूरला गेला असता. तारामती गेली नाही. ती घरी आली, भाकरी थापल्या, आणि स्वतःला समजावत राहिली. डांबरावर चार माश्या असतील, बाकीच्या झाडावरूनच आणत असतील. आपणही हाताला लावलंय, काय झालं? खरं म्हणजे तिला गौरम्माच्या डोळ्यांतला तो विश्वास जायला नको होता.

सकाळी उजाडताच तिनं, डंखांची पर्वा न करता, धूर न देताच पेटी उघडली. फटीतला काळा डिंक नखानं काढला, दोन बोटांत चोळला आणि हुंगला. सडकेचाच वास होता, दुसरं काही नव्हतं. तिनं गौरम्माला फोन लावला. नुसता वाजत राहिला, घरची सगळी शाळेकडे निघाली असणार. तोंडाला काही न लावता, डोक्याला काही न बांधता ती तशीच सडकेवर आली आणि मिळेल त्या टमटमला हात केला.

शाळेच्या मैदानावर मुलं रांगा धरत होती. दामिनी आपल्या वर्गाच्या रांगेत उभी होती, व्हरांड्यात नाही. कपाळ, डोळे, गाल सगळं एकसारखं सावळं. कुठं डाग म्हणून दिसत नव्हता. मान अशी ताठ की तारामतीला क्षणभर ती ओळखूच आली नाही. पण जवळ गेल्यावर डाव्या पापणीची कडा सुजलेली दिसली.

"जळजळतंय का माय?" तिनं पोरीच्या कानाशी विचारलं.

दामिनीनं आधी पालकांच्या खुर्च्यांत बसलेल्या आईकडे पाहिलं. "थोडं. अव्वाला सांगू नको."

"कामून?"

"छान दिसून राहिले मी."

तारामतीनं पोरीचा दंड धरला आणि तिला रांगेतून बाहेर काढलं. गौरम्मा आणि चन्नबसप्पा पालकांच्या खुर्च्यांवरून धावत आले. चार बायका वळून पाहू लागल्या, दोन गुरुजी थांबले. तारामतीनं आवाज खाली आणला नाही.

"ह्याच्यात डांबर हाय. सडकेचं. माझ्या माश्या तिथून आणून राहिल्या व्हत्या."

"तुला कवा कळलं?" गौरम्मानं विचारलं.

"काल दुपारी दिसलं. रातभर सवताला न्हाई न्हाई म्हनत बसले. माझीच चूक हाय, गौराक्का."

गौरम्माचं तोंड उतरलं, आणि ते पाहणं तारामतीला शिव्या खाण्यापेक्षा जड गेलं. चन्नबसप्पा पाण्याची घागर घेऊन आले. पाण्यानं हे निघायचं नाही, हे मेण कढवणाऱ्या तारामतीला ठाऊक होतं. ती शाळेच्या खिचडी शिजवायच्या खोलीत घुसली, गोडेतेलाची बरणी उचलली, आणि आपल्या पदराच्या टोकानं पोरीचं तोंड पुसू लागली, हलक्या हातानं, डोळ्यात जाऊ न देता. पदर काळा झाला. मग साबण, मग पाणी. खालून दामिनीचा खरा चेहरा वर आला. कपाळावरचे डाग, डोळ्याभोवतीचं पांढरं कडं, आणि आता त्यांच्या कडेनं लाली. चन्नबसप्पा म्हणाले, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चला, आणि ते गाडी काढायला गेले.

तेवढ्यात कर्ण्यावरून सूचना झाली, सगळ्यांनी आपापल्या जागी उभं राहावं.

दामिनीनं हाताच्या तळव्यांनी तोंड झाकलं होतं. बोटांमधून ती मैदानाकडे बघत होती. तिथं तिच्या रांगेत तिची जागा मोकळी होती.

"मी न्हाई जात तिथं," ती म्हणाली.

डाग सुंदर असतात असं तारामती म्हणू शकत नव्हती, कारण तिला स्वतःला ते कधी तसे वाटले नव्हते. लोक बघणार नाहीत असंही म्हणता येत नव्हतं, ते बघणारच होते. ती एवढंच म्हणाली, "डोळा सुजलाय, आत्ताच दवाखान्यात जाऊ म्हनलीस तर आत्ताच जाऊ. आधी तिथं हुबं ऱ्हायचं म्हनलीस तर म्या बी येते."

पोरीनं बराच विचार केला. मग तोंडावरचे हात काढले आणि तिचं बोट धरलं.

गाडी यायला अजून वेळ होता. गौरम्मा बाजूला झाली आणि दोघी मैदान ओलांडून गेल्या. रांगेत कुजबुज झाली, कुणी तरी फिदकन हसलं, गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. ऊन कोवळं होतं, पण मराठवाड्यातलं होतं, आणि सूर्य अजून शाळेच्या छपराच्या थोडाच वर होता. तारामतीनं एकदा सूर्याकडे पाहिलं, एकदा पोरीकडे, आणि ती रांगेच्या सूर्याकडच्या अंगाला जाऊन उभी राहिली, पाठीत वाक न देता. तिची लांब सावली दामिनीच्या अंगावर पडली, केसांपासून पावलांपर्यंत. वर झेंडा चढला, राष्ट्रगीत सुरू झालं. तारामतीच्या उघड्या गालाला ऊन लागलं. तो गाल तिनं कित्येक वर्षांत असा चारचौघांत उघडा ठेवला नव्हता. गीत संपेपर्यंत ती हलली नाही.

मग बक्षिसांची नावं वाचली जाऊ लागली. दामिनीचं नाव आलं. ती सावलीतून बाहेर पडली आणि एकटीच व्यासपीठाकडे निघाली. सगळी शाळा तिच्या तोंडाकडे बघत होती. ती पायरी चढली, रंगांची पेटी आणि प्रमाणपत्र घेतलं, खाली वाकून पाया पडली, टाळ्या वाजल्या. तारामती टाचा उंचावून पाहत होती. पेटीतल्या माशीला पहिल्यांदा उडतानाही तिनं असं पाहिलं नव्हतं.

पोरगी परत आली. तिनं वर पाहिलं आणि ती थबकली. तारामतीचा गाल लाल होऊ लागला होता. दामिनीनं जाड पुठ्ठ्याचं ते प्रमाणपत्र तिच्या हातात दिलं.

"मावशी, हे तोंडावर धर," ती म्हणाली. "तुला बी ऊन लागून राहिलं."

तारामतीनं ते धरलं.